डब्यातला डावखुरा

भावजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हॉटेलातल्या बँडमध्ये पियानो वाजवायला त्यांचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना भावजी म्हणायचा. ते ऐकून बेस गिटारवाला म्हणायला लागला, मग वेटर, मग मॅनेजर, आणि होता होता पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून "भावजी, सही" म्हणू लागला. बायको तेवढी "अहो"वर ठाम राहिली. "एवढ्या लोकांची बहीण झाले," ती म्हणायची, "पण भेटायला एक येत नाही."

भावजी ड्रम वाजवायचे. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल होता, तिथे शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी लोक जेवायला यायचे आणि जेवण झालं की जोडीनं नाचायचे. कोपऱ्यातल्या बुटक्या स्टेजवर हे तिघं. भावजींच्या वाजवण्यात भपका नव्हता. बाकीचे थांबलेत आणि आपण एकटेच पाच मिनिटं बडवतोय, असली हौस त्यांना कधी नव्हती. स्टेजला चिकटून असलेल्या टेबलावर बसलेल्यांना आवाज न चढवता गप्पा मारता आल्या पाहिजेत, हा त्यांचा दंडक. बावीस वर्षं त्यांनी तो पाळला.

मग मेहुण्यानं कीबोर्ड आणला. डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, धरली की आतून ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिनं असा सगळा ताफा साथ करायला लागायचा, आणि उजवा हात धून वाजवायला मोकळा. पहिल्या दिवशी भावजींनी स्वतःच कौतुकानं बटणं दाबून पाहिली. दोन आठवड्यांनी मॅनेजरनं त्यांना ऑफिसात बोलावून चहा पाजला. खरं तर तिथेच त्यांना संशय यायला हवा होता, कारण बावीस वर्षांत त्या माणसानं कुणाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"पुढच्या शनिवारपासून एकटा कीबोर्ड," मॅनेजर कपात बघत म्हणाला. "तुमच्या मेहुण्यानंच तुम्हाला सांगायला सांगितलंय. त्याला जरा अवघड वाटत होतं."

भावजींनी चहा पूर्ण प्यायला, ड्रमचे स्क्रू सैल केले, सगळे ड्रम एकात एक घालून बांधले आणि घरी आले. जागा गेली याचं दुःख होतंच, पण ते पचलं असतं. मेहुण्यानं निरोप दुसऱ्याकरवी पाठवला, ते मात्र घशात अडकून राहिलं.

त्यानंतर त्या दोघांत बोलणं राहिलं नाही. भांडणही नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय हेही कुणाला कळेना. मेहुणा बहिणीकडे यायचा, जेवायला बसायचा, आणि भावजी बायकोला म्हणायचे, "त्याला विचार, मीठ हवंय का." मेहुणा हातभर अंतरावर. तो म्हणायचा, "ताई, त्यांना सांग, मीठ बरोबर आहे." ताई दोघांच्या मध्ये मिठाचा डबा ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. "मी काय टेलिफोन आहे का?" हे तिचं तिथून ऐकू यायचं.

बेस गिटारवाल्यानं बस चालवायला घेतली. भावजी एका वाद्यांच्या दुकानात लागले. चष्म्याच्या दुकानाला लागून असलेलं ते जुनं दुकान वडिलांच्या मागं मालकीणबाई चालवत होत्या. भावजींचं काउंटर मागच्या बाजूला : ड्रमची फाटलेली कातडी बदलायची, स्क्रू आवळायचे, शिकाऊ लोकांना हाताला बसतील अशा काठ्या निवडून द्यायच्या. पुढे, काचेच्या उजेडात, कीबोर्डची रांग. तिकडे ते फिरकायचे नाहीत. कीबोर्ड हा शब्दही त्यांनी टाकला होता. "पुढे डबे आहेत, तिकडे विचारा," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. दुपारी मालकीणबाई मुद्दाम विचारायच्या, "भावजी, आज डबा आणलाय ना?" आणि भावजी गंभीरपणे पिशवी वर करून दाखवायचे.

अशी अकरा वर्षं गेली. एका सोमवारी कीबोर्डच्या सेल्समनला मुलगी झाली आणि तो पंधरा दिवस रजेवर गेला. मालकीणबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, पुढचं काउंटर तुम्हाला बघायचंय."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बटण दाबायचं, आवाज येतो. गिऱ्हाइकाला ऐकू द्यायचा."

"आणि आवडला नाही तर?"

"तर दुसरं बटण दाबायचं. पाचशे आहेत."

नोकरी ती नोकरी. भावजी पुढे जाऊन बसले. सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आपण काय विकणार आहोत ते निदान ऐकावं, अशा विचारानं त्यांनी कडेच्या कीबोर्डला हेडफोन लावला. त्या कीबोर्डला दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या होत्या आणि मॉडेल तसं जुनं होतं. त्यांनी वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नाचाची स्टाईल, म्हणजे तयार साथ, निवडली, कारण वॉल्ट्झ त्यांनी हजारो वाजवले होते. डाव्या हाताच्या बोटानं एक पट्टी दाबली. साथ सुरू झाली.

एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बेस बरा होता. गिटार उगाच मध्ये मध्ये करत होती. भावजींचं लक्ष ड्रमवर. दोन ओळींच्या मध्ये जी छोटी भरारी असते, जिला हे लोक फिल म्हणतात, तिचं बटण त्यांनी दाबलं. ती ऐकली आणि ते सावरून बसले. पुन्हा दाबलं. पुन्हा.

ड्रमर फिल घेताना साधारणपणे डावीकडच्या लहान ड्रमवर सुरुवात करून उजवीकडच्या मोठ्यावर उतरतो. हा उलटा जात होता, मोठ्यावरून लहानावर. आणि वर पोचताना शेवटचा ठोका किंचित हलका पडत होता, हात तिथवर जेमतेम पुरतोय असा. डावा हात पुढे चालवणाऱ्याचं असंच होतं, आणि यंत्राला हात पुरायचा प्रश्न येत नाही.

"हा डावखुरा आहे," भावजी मोठ्यानं म्हणाले. कानात हेडफोन असल्यामुळे ते फारच मोठ्यानं निघालं. मालकीणबाईंनी गल्ल्यावरून मान वर केली.

"कोण?"

"यात बसलाय तो."

त्या दिवशी त्यांनी ते बटण किती वेळा दाबलं याचा हिशेब नाही. अकरा वर्षं ते एका डब्यावर रागावले होते. आता कळत होतं की कुठल्या तरी खोलीत, काचेपलीकडे कुणीतरी रेकॉर्डिंग करत असताना, एक माणूस स्टुलावर बसला होता आणि त्यानं हा वॉल्ट्झ वाजवला होता. सकाळी घरून निघाला असेल. काठ्या विसरला म्हणून परत फिरला असेल. आपली जागा घेतली ती या गृहस्थानं, आणि गंमत म्हणजे तो चांगला वाजवत होता. घाई नाही, आगाऊपणा नाही. भावजींना राग येईना. त्यांनी प्रयत्न करून पाहिला, तरी येईना.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग?" ती म्हणाली. "अकरा वर्षांनी कळलं ना, की त्यात माणूस असतो?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार. पण आपोआप काही वाजत नाही, एवढं कळतं. घरात भांडी आपोआप घासली जातात असं वाटतं तुम्हाला, त्यातलाच प्रकार."

दुसऱ्या दिवसापासून भावजींनी एकेक कीबोर्ड ऐकायला घेतला, बँडमध्ये नवा माणूस घ्यायचा असला तर ऐकला असता तसा. बटणं किती, आवाज किती, हे पाटीवर लिहिलेलं असतंच. त्यांना ते नको होतं. ते टेम्पो उतरवत न्यायचे. जलद गतीत कुणीही बरा वाटतो. अगदी संथ चालीत, दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा पडली की माणूस कळतो. रांगेतला रुपेरी कीबोर्ड तिथे उघडा पडला. त्याची व्हायोलिनं लोण्यासारखी, अ‍ॅकॉर्डियन ऐकताना तर भात्याची उघडझाप दिसावी इतका खरा. पण संथ चालीत ड्रमर पेंगायचा, आणि पियानोचा आवाज स्टीलच्या पातेल्यावर चमचा आपटल्यासारखा. काळा कीबोर्ड सगळ्यांत मोठा. त्याच्या सॅक्सोफोनमध्ये वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. साथ मात्र अशी जोरकस, की वाजवणाऱ्याला जागाच उरायची नाही. "पाहुणा म्हणून आला आणि स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं," असं भावजी त्याच्याबद्दल म्हणायचे. लाकडी पट्टीवाल्याची बासरी कुकरच्या शिट्टीच्या वळणावर जायची, स्टाईल मोजक्याच होत्या, पण त्यातला बेसवाला सरळ चालणारा होता, आणि डावखुरा तिथेच बसायचा.

शेवटची परीक्षा जेवणाची. दुपारी डबा उघडला की भावजी एक स्टाईल लावून ठेवायचे, बारीक आवाजात, आणि जेवायचे. शेवटचा घास होईपर्यंत ती नकोशी झाली नाही तर ती पास. काळ्याच्या बऱ्याचशा स्टाईल दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच नापास झाल्या. मालकीणबाईंनी एकदा एक बंद करून टाकली. "माझा घास अडकतोय," त्या म्हणाल्या, आणि भावजींनी तेही निकालात धरलं.

गिऱ्हाइकांना हे प्रकरण आवडायला लागलं. दातांचे एक डॉक्टर आले होते. सगळे कीबोर्ड दाखवून झाले, त्यांचं मन कुठे बसेना.

"डॉक्टर, तुम्ही वाजवणार कधी?" भावजींनी विचारलं.

"दवाखाना बंद केल्यावर, घरी. अर्धा तास."

"दिवसभर तुमच्या कानाशी ते मशीन घुंईं करत असतं ना? मग हा काळा तुम्हाला चालायचा नाही. तो तुम्हाला खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगेल."

डॉक्टर खो खो हसले. भावजींनी त्यांना रुपेरी कीबोर्डमधली एक स्टाईल ऐकवली. तिच्यात ड्रमर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवत होता, आणि मध्यम चालीमुळे पेंगत नव्हता. डॉक्टर दहा मिनिटं तीन सूर दाबत बसले आणि जाताना तोच घेऊन गेले. बालवाडीच्या एक बाई आल्या, त्यांना मात्र भावजींनी आपण होऊन काळा दिला. "चाळीस पोरांपुढे असा आगाऊच हवा," ते म्हणाले.

सेल्समन रजेवरून आला तो मुलीचे चाळीस फोटो घेऊन आला. ते सगळ्यांनी पाहिल्यावर मालकीणबाईंनी कामाची नवी वाटणी सांगितली : वाजवून त्यानं दाखवायचं आणि ऐकून भावजींनी सांगायचं. सेल्समनला सुरुवातीला ते जड गेलं. पण भावजींनी त्याला डावखुऱ्याचं फिल ऐकवलं, आणि दुपारपर्यंत तोच दुसऱ्यांना ऐकवत सुटला.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. एका मंगळवारी सकाळी भावजी लाकडी पट्टीवाल्यावरची धूळ पुसत होते आणि दार ढकलून मेहुणा आत आला. दोघंही जागच्या जागी थांबले. मध्ये मिठाचा डबा ठेवायला ताई नव्हती.

"कीबोर्ड बघायचाय," मेहुणा सेल्समनला म्हणाला.

"ते भावजी सांगतील," सेल्समन म्हणाला. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. "या बाबतीत त्यांच्यासारखा कान कुणाचा नाही. भावजी, जरा बघता?"

आता पळायला जागा नव्हती. भावजींनी फडकं खांद्यावर टाकलं. "कशासाठी हवाय?" त्यांनी विचारलं. अकरा आणि दीड, साडेबारा वर्षांतला तो पहिला थेट प्रश्न.

मेहुण्यानं डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, सांधे सुजलेले. "हॉटेलचा हॉल बंद झाला, ते ताईनं सांगितलं असेल. आता रविवारी सकाळी नाचाच्या क्लासला वाजवतो. साठीच्या पुढची मंडळी येतात. पण पूर्ण कॉर्ड धरता येत नाही. बोट निसटलं की माझा कीबोर्ड भलतीच साथ करतो, आणि सगळे एकमेकांवर आदळतात."

"बस," भावजी म्हणाले. त्यांनी स्टूल सरकवलं.

मेहुण्यानं आधी काळ्याकडे मोर्चा वळवला. सॅक्सोफोन लावला आणि पहिल्या चार सुरांतच त्याचे डोळे मिटले. आवाज होताच तसा. पण साथीला पुरी तीन बोटं लागत होती. एका बोटावर चालवायची सोय होती, तिच्यात कुठल्या पट्टीला कुठली कॉर्ड याच्या खुणा मात्र निराळ्या, आणि तीस वर्षांची सवय असलेला हात त्या ऐकेना. रुपेरीवर दोन बोटांत भागत होतं, पण हात उचलला की ड्रम सोडून बाकीचे सगळे गप्प. दुखऱ्या हाताला पट्टीवर सतत दाबून धरणं म्हणजे शिक्षाच. लाकडी पट्टीवाल्यावर त्यानं दोन बोटं टेकवली आणि हात उचलला. साथ चालू राहिली. आतल्या मंडळींनी तिसरा सूर ओळखून घेतला होता आणि पुढची कॉर्ड येईपर्यंत ते शांतपणे वाजवत होते.

"हा थांबतो आपल्यासाठी," मेहुणा म्हणाला.

"हो."

"पण सॅक्सोफोन त्या काळ्याचा..."

"सॅक्सोफोन तुला ऐकायचाय. क्लासमधल्या लोकांना वॉल्ट्झ हवाय. याची बासरी तेवढी लावू नकोस, बाकी हा भला आहे." मग भावजींनी फिलचं बटण दाबलं. "हे ऐक. काही कळतं?"

मेहुण्यानं दोनदा ऐकलं. "उलटा जातोय."

"डावखुरा," भावजी म्हणाले, आणि आपण हसतोय हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

मेहुणा हसला नाही. तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "भावजी, तेव्हा मी स्वतः यायला हवं होतं. मॅनेजरला पाठवलं. गच्चीच्या जिन्यावर उभा होतो मी, तुम्ही ड्रम बांधत होता तेव्हा. खाली उतरायचं धाडस झालं नाही."

भावजींनी खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. सेल्समन केव्हाच मागच्या काउंटरवर जाऊन नसलेलं काम शोधत होता.

"जिन्यावर उभा होतास तर मोठा ड्रम उतरवायला तरी यायचंस," भावजी म्हणाले. "एकट्यानं नेताना माझी पाठ धरली होती."

मेहुण्यानं डोळे पुसले की घाम, ते काही नीट कळलं नाही. मग तो पॅनलवर काहीतरी शोधू लागला. त्याला हवं ते बटण सापडलं, त्यानं ते दाबलं, आणि साथीतून ड्रम तेवढे नाहीसे झाले. बेस आणि गिटार एकाकी चालत राहिले.

"हे बघा," तो म्हणाला. "यांना बंद करता येतं. रविवारी तुम्ही या. तुमची जागा मोकळी करतो."

भावजींनी हात लांब करून ते बटण परत दाबलं. डावखुरा पुन्हा वाजवू लागला.

"त्याला का उठवतोस? त्यानं काय बिघडवलंय?" ते म्हणाले. "मीच पंचवीस वर्षांचा राहिलोय का आता. असं करू. संथ नाच माझे, जलद त्याचे."

त्या रविवारी सकाळी क्लासच्या हॉलमध्ये, उंच खिडक्यांतून फरशीवर ऊन पडलेलं असताना, भावजींनी बऱ्याच वर्षांनी ड्रम मांडले. एक छोटा, एक मोठा, एक झांज, जास्त नाही. बायकोही आली होती. दोघं पुन्हा अबोला धरतात का ते बघायला आले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. पहिले तीन संथ नाच भावजींनी ब्रशनं वाजवले. बारा जोड्या होत्या, एका आजोबांच्या हातात काठी होती आणि ती ते जोडीदारीणबाईंच्या पाठीमागून फिरवत होते. मग शिकवणाऱ्या बाईंनी टाळी वाजवून जलद वॉल्ट्झ सांगितला. मेहुण्यानं दोन बोटं टेकवली, डावखुरा सुरू झाला, आणि भावजींचे हात रिकामे झाले.

ते स्टुलावर बसून राहिले. इतकी वर्षं नाचाच्या हॉलमध्ये काढली, पण असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. संगीत चालू आणि आपल्याला काम नाही. त्यांनी समोर पाहिलं. भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा उजवा पाय खाली हलत होता. तिला नाचता येतं की नाही, हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. नवरा आणि भाऊ दोघंही स्टेजवर असताना ती नाचणार तरी कुणाबरोबर होती?

भावजी उठले, शर्ट खाली ओढला आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"काय झालं? पाणी हवंय?" तिनं विचारलं.

"नाही. येतेस का?"

तिनं आधी आजूबाजूला पाहिलं, मग पर्स शेजारच्या बाईंकडे दिली. तिला नाचता येत होतं. कुठे शिकली विचारल्यावर म्हणाली, बघून बघून. भावजींना मात्र काही जमेना. पहिल्याच फेरीत त्यांनी तिच्या बोटांवर दोनदा पाय दिला.

"अहो, मोजा तरी," ती म्हणाली.

"मोजतोय. तो फिल घेतो तिथे माझं चुकतं."

"मग त्याच्याकडे लक्ष देऊ नका. माझ्याकडे द्या."

ते त्यांना थोडं थोडं जमू लागलं. मेहुणा कीबोर्डच्या मागून बघत होता. वाजवायची धून संपली होती, पण एंडिंगचं बटण त्यानं काही दाबलं नाही; तीच धून पुन्हा सुरुवातीपासून घेतली, मग आणखी एकदा. बाकीच्या जोड्या एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसल्या आणि पाणी प्यायला लागल्या. शेवटी ताईनंच नवऱ्याच्या खांद्यावरून मान वळवून सांगितलं, "अरे, आता पुरे. यांचे गुडघे उद्या मलाच शेकायचेत."